गोळीतले गाजर

औषधांच्या दुकानाची पायरी आजारी माणसानेच चढावी, हा संकेत केव्हाच मागे पडला आहे. आज तालुक्याच्या गावीसुद्धा औषधविक्रेत्याच्या दर्शनी फळीवर धडधाकट माणसांसाठी म्हणून एक स्वतंत्र कप्पा असतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, खनिजांच्या बाटल्या, माशाच्या तेलाच्या कुप्या, वनस्पतींचे अर्क यांची तेथे दाटी झालेली असते. या वस्तू कोणत्याही एका रोगावर दिल्या जात नाहीत. सर्वच रोगांना चार हात दूर ठेवण्याचे एक मोघम आश्वासन त्यांच्या वेष्टनावर असते. प्रतिकारशक्ती वाढेल, पेशींचे रक्षण होईल, झीज थांबेल, अशी त्या आश्वासनाची भाषा. त्यात कर्करोगाचा उच्चार सहसा नसतो. पण तो करण्याची गरजही नसते. घरात, शेजारात वा कचेरीत एकाला तरी या रोगाने गाठलेले पाहिलेला माणूस 'पेशींचे रक्षण' या दोन शब्दांचा अर्थ आपल्या मनाशी लावूनच दुकानात आलेला असतो.

गोळी घेणाऱ्याचा युक्तिवाद साधा आहे. लाभ झाला तर उत्तम. न झाला तर तोटा काय? चार पैसे गेले, एवढेच. जीवनसत्त्व म्हणजे काही विष नव्हे. या युक्तिवादात लाभाविषयी शंका आहे, पण निरुपद्रवीपणाविषयी मात्र तिळमात्र शंका नाही. वस्तुतः गेल्या चाळीस वर्षांत जगात या विषयावर जे मोठे प्रयोग झाले, त्यांनी नेमका या दुसऱ्या गृहीतालाच छेद दिला आहे. काही माणसांत, काही मात्रेत, काही जीवनसत्त्वांनी कर्करोग टळला नाही. इतकेच नव्हे, तर तो वाढला. ही गोष्ट वैद्यकाच्या ग्रंथांत नमूद होऊन बराच काळ उलटला, तरी दुकानाच्या फळीपर्यंत ती पोहोचलेली नाही. म्हणून तिचा इतिहास थोडा तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे.

सयुक्तिक कल्पना

या प्रकरणाचा आरंभ भोंदूगिरीतून झालेला नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. भाजीपाला आणि फळे भरपूर खाणाऱ्या लोकांत काही कर्करोगांचे प्रमाण कमी आढळते, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले होते. गाजर, पालक, मेथी, भोपळा, आंबा, पपई यांत बीटा-कॅरोटिन नावाचे नारिंगी द्रव्य असते आणि शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करते. रक्तात हे द्रव्य अधिक असलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असेही निरीक्षण होते. रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'नेचर' या नियतकालिकात याच प्रश्नाला हात घातला : आहारातील बीटा-कॅरोटिन मानवी कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटवू शकेल काय? धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ज्यांनी प्रस्थापित केला, त्यांत डॉल यांचे स्थान अग्रभागी आहे. अशा माणसाने विचारलेला प्रश्न हवेतला नव्हता. तो प्रश्नाच्याच रूपात मांडलेला होता, ही गोष्ट मात्र पुढे व्यापाराच्या धामधुमीत विसरली गेली.

त्याआधी 'क' जीवनसत्त्वाचे पर्व होऊन गेले होते. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी स्कॉटलंडमधील शल्यविशारद युअन कॅमेरॉन यांच्यासह १९७६ साली असे प्रसिद्ध केले की, कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील १०० रुग्णांना रोज १० ग्रॅम 'क' जीवनसत्त्व दिले असता ते तुलनेसाठी निवडलेल्या १००० रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक काळ जगले. परंतु तुलनेचे रुग्ण जुन्या कागदपत्रांतून निवडलेले होते. दोन्ही गट एकाच वेळी, एकाच कसोटीने पारखलेले नव्हते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ही उणीव दूर करून १९७९ व १९८५ साली काटेकोर प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही वेळा पोटात घेतलेल्या 'क' जीवनसत्त्वाचा काहीही उपयोग दिसला नाही. पॉलिंग यांनी हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. त्यांच्या नावाचे वजन एवढे होते की, प्रयोग हरला आणि समजूत जिंकली.

फिनलंडचा धडा

बीटा-कॅरोटिनच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांनी प्रश्न सोडून दिला नाही. भाजी खाणारा माणूस पुष्कळदा धूम्रपान कमी करतो, मद्य कमी पितो, व्यायाम करतो, त्याची सांपत्तिक स्थितीही बरी असते. तेव्हा त्याचे रक्षण भाजीतील एका द्रव्याने केले, की त्याच्या एकूण राहणीने, हे नुसत्या निरीक्षणातून उलगडत नाही. त्यासाठी एकच उपाय असतो. हजारो माणसे घ्यावयाची. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे गट पाडावयाचे. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला तशीच पण पोकळ गोळी द्यावयाची. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही कळू द्यावयाचे नाही. आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावयाची.

फिनलंडमध्ये १९८५ साली असा प्रयोग सुरू झाला. पन्नास ते एकोणसत्तर या वयाचे, धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष त्यात सहभागी झाले. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, काहींना ५० मिलिग्रॅम 'ई' जीवनसत्त्व, काहींना दोन्ही व काहींना पोकळ गोळी देण्यात आली. पाच ते आठ वर्षे हे चालले. १९९४ साली निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा प्रयोगकर्तेही चकित झाले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ रुग्ण निघाले. न घेणाऱ्यांत ४०२. म्हणजे अपेक्षा घटीची होती आणि प्रत्यक्षात १८ टक्के वाढ झाली. एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी अधिक होते.

हा योगायोग असेल, असे म्हणण्यास तेव्हा जागा होती. ती जागा दोन वर्षांतच उरली नाही. अमेरिकेत सिएटल येथून चालविलेल्या दुसऱ्या प्रयोगात धूम्रपान करणारे, पूर्वी करीत असलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले मिळून १८,३१४ स्त्री-पुरुष होते. त्यांना ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि सोबत 'अ' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्यात येत होती. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे ध्यानात येताच, ठरलेल्या मुदतीच्या एकवीस महिने आधी, जानेवारी १९९६ मध्ये प्रयोग थांबविण्यात आला. त्याच वर्षी २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांवरील बारा वर्षांच्या प्रयोगाचेही निष्कर्ष आले. त्या डॉक्टरांत धूम्रपान करणारे थोडे होते. त्यांना बीटा-कॅरोटिनने ना लाभ झाला, ना हानी.

तिन्ही प्रयोग शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. ज्याला धोका कमी, त्याला गोळी निरुपयोगी. ज्याला धोका अधिक आणि म्हणून जो गोळीकडे आशेने पाहतो, त्यालाच ती घातक. फिनलंडमधील पुरुषांत गोळ्या थांबविल्यानंतर काही वर्षांत हा वाढीव धोका ओसरत गेला, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट होय.

एका आशेचा दुसरा अंत

फिनलंडच्याच प्रयोगात एक आशादायक कवडसा होता. 'ई' जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग कमी आढळला होता. १९९६ साली अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रयोगात सेलेनियम या खनिजाविषयी तसेच दिसले. परंतु दोन्ही प्रयोग मुळात या रोगासाठी आखलेले नव्हते; हे फळ त्यांत अनपेक्षितपणे हाती लागले होते. म्हणून त्याची खास परीक्षा घेण्यासाठी २००१ साली अमेरिका, कॅनडा व प्वेर्तो रिको येथील ३५,५३३ पुरुषांवर नवा प्रयोग सुरू झाला. रोज ४०० एकक 'ई' जीवनसत्त्व, २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, दोन्ही, किंवा पोकळ गोळी असे चार गट होते. लाभाची चिन्हे न दिसल्याने २००८ मध्ये गोळ्या थांबविण्यात आल्या. पण या पुरुषांवर लक्ष ठेवणे चालूच राहिले. २०११ साली जे निष्पन्न झाले ते असे : केवळ 'ई' जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला होता. दर हजार पुरुषांमागे सात वर्षांत पोकळ गोळीच्या गटात ६५ रुग्ण, तर 'ई' जीवनसत्त्वाच्या गटात ७६.

हजारांत अकरा हा आकडा कोणास लहान वाटेल. पण ही अकरा माणसे गोळी न घेती तर त्या काळात रुग्ण झाली नसती, आणि गोळी त्यांनी याच रोगाच्या भयाने घेतली होती, हे विसरता येत नाही. शिवाय हानी गोळ्या बंद झाल्यानंतर तीन वर्षांनी उघड झाली. एखादी वस्तू चार महिने घेऊन 'काही त्रास झाला नाही' असा दाखला देणाऱ्याच्या अनुभवाला या विषयात किती किंमत द्यावी, याचे उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे साधारण याच ताकदीची 'ई' जीवनसत्त्वाची गोळी त्वचा आणि केस यांच्या निगेसाठी चिठ्ठीवाचून सहज मिळते आणि ती किती दिवस घ्यावी, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

पेशी भेद करीत नाही

असे का व्हावे? गाजरात जे हितकर, ते गोळीत अहितकर कसे? याचे पहिले उत्तर मात्रेत आहे. फिनलंडमधील गोळीत जेवढे बीटा-कॅरोटिन होते तेवढे मिळविण्यासाठी सुमारे पाव किलो गाजरे रोज, वर्षानुवर्षे खावी लागतील; आणि कच्च्या गाजरातील पुष्कळसा भाग शरीर शोषून घेतच नाही. गोळीतले द्रव्य मात्र सहज शोषले जाते. त्या प्रयोगात रक्तातील त्याचे प्रमाण दसपटीहून अधिक चढले होते. निसर्गतः कोणत्याही माणसाच्या रक्तात जे प्रमाण येत नाही, ते गोळीने आणले. भाजीत, दुसरीकडे, एकच द्रव्य नसते. तंतू असतात, शेकडो इतर द्रव्ये असतात, आणि भाजीने भरलेले पोट दुसऱ्या कशाने तरी भरलेले नसते, हाही लाभच असतो.

दुसरे उत्तर धुरात आहे. धूम्रपानाने फुप्फुसात तीव्र दाहक रसायने साचतात. त्यांच्या सान्निध्यात बीटा-कॅरोटिनचे विघटन होऊन त्याचेच तुकडे पेशींना उपद्रव करू लागतात. फेरेट या मुंगसाएवढ्या प्राण्यावर १९९९ साली झालेल्या प्रयोगांत सिगारेटचा धूर आणि बीटा-कॅरोटिनची मोठी मात्रा यांच्या संयोगाने फुप्फुसांतील पेशींत कर्करोगापूर्वीचे बदल घडून आलेले दिसले.

तिसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. अँटिऑक्सिडंट द्रव्ये पेशीला झिजेपासून वाचवितात, हे खरे. पण ती कोणत्या पेशीला वाचवितात? शरीरात बिघडलेली पेशी सतत निर्माण होत असते; तिच्यातील झीज एका मर्यादेपलीकडे गेली की पेशीतील पहारेकरी जनुके तिला थांबवितात वा नष्ट करतात. बाहेरून ओतलेल्या अँटिऑक्सिडंटमुळे ही झीज भरून निघाली, तर पहारेकऱ्याला इशाराच मिळत नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१४ साली फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात झालेल्या उंदरांना 'ई' जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट दिले. गाठी अधिक वेगाने वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. उंदरावरून माणसाचा निवाडा करावयाचा नसतो. तथापि माणसांवरील प्रयोगांत जे घडले, त्याचा अर्थ लावण्यास यामुळे साहाय्य होते.

पोषण आपला-परका भेद करीत नाही, ही गोष्ट वैद्यकाला त्याही आधीपासून ठाऊक होती, आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्लिश वैद्य विदुषी गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या घातक पंडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. यीस्टच्या अर्काने तो रोग बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेच्या संशोधनाची धुरा आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना मात्र असे आढळले की, रक्ताच्या कर्करोगात फॉलिक ॲसिडच्या जातीची द्रव्ये दिल्यास रोग मंदावण्याऐवजी जोर धरतो. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला आणि सुब्बाराव यांच्या चमूने बनविलेले, फॉलिक ॲसिडला अडविणारे द्रव्य रुग्ण बालकांना दिले. १९४८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या सोळा मुलांपैकी दहांत रोग काही काळ हटला. आधुनिक रासायनिक उपचारांचा पाया ज्या थोड्या घटनांनी घातला, त्यांपैकी ही एक. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे.

एकाच द्रव्याचा अभाव हा गिरणीतल्या बाईचा रोग होता. त्याच द्रव्याची अडवणूक हा कर्करोगी बालकाचा उपचार ठरला. वेगाने वाढणाऱ्या गर्भाला जे लागते, तेच वेगाने वाढणाऱ्या गाठीलाही लागते. जीवनसत्त्व 'चांगले' की 'वाईट', हा प्रश्नच या दृष्टीने अपुरा आहे. कोणाला, कोणत्या वेळी आणि किती, हा खरा प्रश्न.

खड्डा आणि टेकाड

याचा अर्थ जीवनसत्त्वांच्या गोळ्या सरसकट कचऱ्यात टाकाव्यात असा मुळीच नव्हे. चीनच्या हनान प्रांतातील लिन्श्यान येथे १९८६ ते १९९१ या काळात २९,५८४ लोकांवर प्रयोग झाला. तेथील लोकांच्या आहारात पिढ्यान् पिढ्या पोषणद्रव्यांची उणीव होती आणि अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगाने कहर केलेला होता. बीटा-कॅरोटिन, 'ई' जीवनसत्त्व व सेलेनियम एकत्र दिलेल्या गटात एकूण मृत्यू ९ टक्क्यांनी आणि जठराच्या कर्करोगाचे मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. जेथे उणीव होती, तेथे भर घातल्याने लाभ झाला. फिनलंडमध्ये उणीव नव्हती. खड्डा भरला तर रस्ता सपाट होतो. सपाट रस्त्यावर तीच माती ओतली तर टेकाड होते आणि गाडी अडखळते.

गरोदर स्त्रीला दिलेले फॉलिक ॲसिड अर्भकाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळते, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. ते बंद करण्याचा विचारही कोणी करू नये. आतड्यात पूर्वी गाठी झालेल्या लोकांना रोज १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले असता नव्या गाठी टळल्या नाहीत, उलट काहींत त्या अधिक झाल्या, असे २००७ साली प्रसिद्ध झाले. मात्र २०१३ साली सुमारे पन्नास हजार व्यक्तींवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एकूण कर्करोगात लक्षणीय वाढ दिसली नाही. 'ड' जीवनसत्त्वाच्या २५,८७१ लोकांवरील अमेरिकन प्रयोगात, २०१८ साली, कर्करोग होण्याचे प्रमाण घटलेले आढळले नाही. हानीही दिसली नाही. साध्या मात्रेच्या मिश्र जीवनसत्त्वांच्या गोळीने पुरुष डॉक्टरांत एकूण कर्करोग ८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१२ साली आढळले होते; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, स्त्री-पुरुष दोहोंवरील नव्या प्रयोगात मात्र तसे ठामपणे दिसले नाही. थोडक्यात, साधी मात्रा बहुधा निरुपद्रवी आणि तिचा लाभ फार तर अल्प. मोठी मात्रा निरुपयोगी आणि प्रसंगी घातक. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०२२ साली कर्करोग वा हृद्रोग टाळण्यासाठी बीटा-कॅरोटिन आणि 'ई' जीवनसत्त्व घेऊ नये, असे निःसंदिग्धपणे बजावले. आणि जागतिक कर्करोग संशोधन निधी ही संस्थाही कर्करोग टाळण्यासाठी पूरक गोळ्यांवर विसंबू नये, आपली गरज आहारातूनच भागवावी, असेच सांगते.

तंबाखूच्या प्रदेशात

महाराष्ट्राला या इतिहासाशी कर्तव्य काय, असे कोणी विचारील. ज्या प्रांतात विडी ओढणारे, तंबाखू मळणारे आणि मिश्री लावणारे घरोघर आहेत, जेथे २०१२ साली गुटख्यावर बंदी घालूनही पुड्या लपूनछपून विकल्या जातात, तेथे हा प्रश्न परका नाही. तोंडाच्या कर्करोगापूर्वी गालाच्या आत पांढरे चट्टे उठतात. केरळात तिरुअनंतपुरम येथे अशा चट्ट्यांवर 'अ' जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटिन देऊन पाहण्यात आले. काहींचे चट्टे खरोखरच गेले. परंतु गोळ्या बंद केल्यावर त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांत ते परत आले, असे १९९७ साली नमूद झाले.

याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्नाकुलमसारख्या ग्रामीण भागांत जाऊन तंबाखूचे व्यसन असलेल्या छत्तीस हजारांवर लोकांना ते सोडण्याविषयी प्रत्यक्ष भेटून सांगितले. बोलणे, भित्तिपत्रके, चित्रपट एवढीच त्यांची साधने होती. १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी दाखवून दिले की, या समजावणीने लोकांनी तंबाखू सोडली वा कमी केली आणि नवे चट्टे उठण्याचे प्रमाणही घटले. कोणत्याही गोळीवाचून हे साधले. त्याची जाहिरात मात्र कोणी केली नाही. कारण तंबाखू सोडण्यात विकण्यासारखे काही नसते.

येथेच या विषयाचे मर्म आहे. गोळीची हानी केवळ तिच्यातील द्रव्याने होत नाही. तिने दिलेल्या खोट्या निर्धास्तपणानेही होते. सकाळी 'पेशींचे रक्षण' गिळलेला माणूस दुपारी विडी पेटविताना मनातल्या मनात हिशेब चुकता करतो. प्रायश्चित्त आधीच घेऊन ठेवले म्हणजे पाप करण्यास मोकळीक, असा हा व्यवहार आहे. आणि धूर ओढणाऱ्याच्या बाबतीत तर ते प्रायश्चित्तच पापात भर घालणारे निघाले.

कायदा आणि कर्तव्य

कर्करोग बरा करण्याची वा टाळण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ यानेही पूरक आहाराला विशिष्ट रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. पण कायदा शब्द पकडतो, सूचना पकडू शकत नाही. 'कर्करोग' हा शब्द टाळून त्याचे भय विकण्याची कला विक्रेत्यांनी केव्हाच साध्य केली आहे. नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी त्याचा गुण व सुरक्षितता प्रयोगाने सिद्ध करावी लागते. पूरक आहार अन्नाच्या वर्गात मोडत असल्याने त्याला तसल्या अग्निदिव्यातून जावे लागत नाही. ज्या द्रव्यांच्या मोठ्या मात्रेने अपाय झाल्याचे जगन्मान्य प्रयोगांत दिसले आहे, त्यांना तरी अन्नाचे हे सुरक्षित छत्र मिळू नये.

बीटा-कॅरोटिन असलेल्या प्रत्येक वेष्टनावर 'धूम्रपान करणाऱ्यांनी व पूर्वी करीत असलेल्यांनी घेऊ नये' ही सूचना ठळकपणे, मराठीसह प्रादेशिक भाषांत छापणे उत्पादकांवर बंधनकारक व्हावे. नेत्रविकारांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनाही हा नियम लागू असावा. कारण वृद्धांच्या नेत्रपटलाच्या विकारावर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अधिक निघाला, त्यांतील बहुतेक पूर्वी धूम्रपान केलेले होते. आणि म्हणून त्या मिश्रणातून हे द्रव्य वगळून त्याऐवजी ल्युटिन व झिॲक्झँथिन घालण्यात आले.

दुसरे कर्तव्य डॉक्टरांचे आहे. कर्करोगाचा उपचार चालू असलेला रुग्ण घरी आणखी काय घेतो, हे विचारल्याशिवाय राहू नये. कारण रुग्ण ते आपण होऊन सांगत नाही. जीवनसत्त्व म्हणजे औषधच नव्हे, अशी त्याची समजूत असते. २०२० साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावर रासायनिक उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत, उपचारापूर्वी व उपचाराच्या काळात 'ब-१२' जीवनसत्त्व घेणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. ही केवळ पाहणी आहे, अंतिम निवाडा नव्हे. आणि रक्ततपासणीत उणीव दिसल्यास डॉक्टरांनी दिलेले जीवनसत्त्व घेतलेच पाहिजे. पण शेजाऱ्याने सुचविले म्हणून, किंवा कोणा आप्ताने परदेशाहून आणले म्हणून, उपचाराच्या काळात डबेच्या डबे रिचविणे हा निराळा प्रकार आहे. तो प्रेमापोटी होतो, म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

उरला तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. त्याने गोळी घेण्याआधी दोनच गोष्टी पाहाव्यात. आपल्या शरीरात या द्रव्याची उणीव आहे, हे तपासणीने ठरले आहे काय? आणि ती भरून निघेपर्यंतच ही गोळी घ्यावयाची आहे काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर गोळी हे औषध आहे आणि ते डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावे. नसतील, तर ते पैसे बाजारात मेथीच्या जुडीवर, गाजरांवर आणि हंगामातील फळांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. 'अधिकस्य अधिकं फलम्' हे वचन दानधर्मात कदाचित खरे असेल. शरीराच्या हिशेबात ते खरे नाही, हे फिनलंडच्या त्या चारशे चौऱ्याहत्तर रुग्णांनी दाखवून दिले आहे. आणि ती किंमत त्यांनी मोजल्यावर ती पुन्हा महाराष्ट्रात कोणी मोजावी, याचे काहीच कारण नाही.